गाडं कुठं अडलं?

रोजचा व्यवहार बंद पडला की आपण ‘ठप्प झाला’ म्हणतो. एका शब्दात काम तमाम. इंग्रजीला मात्र हे थांबणं आधी ऐकावं लागतं. ‘ग्राइंड टू अ हॉल्ट’ म्हणताना दळणाची घरघर, मंदावणारी, घासत घासत गप्प होणारी. ‘स्क्रीचिंग हॉल्ट’मध्ये करकचून दाबलेला ब्रेक. मला त्या भाषेचं हे यंत्राला कान लावून बसणं आवडतं. तिच्या थांबण्याच्या शब्दांत काय थांबलं यापेक्षा पूर्वी काय चालत होतं तेच जास्त कळतं.

ओंडके नदीतून वाहून नेण्याच्या अमेरिकी धंद्याने ‘लॉगजॅम’ दिला, बुद्धिबळाने ‘स्टेलमेट’. ‘स्ट्राइक’ दर्यावरचा. शीड उतरवणं हा त्याचा जुना अर्थ. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली आणि थेम्सवरचा व्यापार अडला. पुढे १९२६च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये नऊ दिवस सार्वत्रिक संप झाला. रेल्वे, गोदी, छापखाने थांबले. शिडाशी कुणाचाच संबंध नव्हता, शब्द तोच राहिला.

‘ग्रिडलॉक’ शहरी, आणि नेमका. मॅनहॅटनचे रस्ते १८११च्या आराखड्यानुसार बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले. सिग्नल बदलला तरी एखादी मोटार चौकातच अडकून राहिली, की आडव्या रस्त्याची रांग मागच्या चौकापर्यंत पोचते, तिथली वाहनं त्याच्याही मागच्या. चार बाजूंच्या रांगा एकमेकींच्या शेपट्या धरतात आणि कुणीतरी मागे सरेपर्यंत कुणालाच पुढे जाता येत नाही. १ एप्रिल १९८० रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे आणि बसकर्मचाऱ्यांनी अकरा दिवसांचा संप केला. लोक मोटारी घेऊन निघाले, आणि वाहतूक अभियंत्यांच्या कचेरीतला हा शब्द वर्तमानपत्रांत आला. सॅम श्वार्ट्झ या अभियंत्याला तर ‘ग्रिडलॉक सॅम’ हेच नाव चिकटलं. आपली ‘कोंडी’ त्याच्या जवळ जाते, पण कोंडी एका गल्लीतही होते. ग्रिडलॉकला चौकच हवेत.

देवाणघेवाण एकतर्फी नाही. ‘हरताळ’ आणि ‘बंद’ हे शब्द इंग्रजी कोशांत गेले आहेत. हरताळ म्हणजे हाटाला ताळं, दुकानदाराने स्वतःच्या हाताने लावलेलं. ‘लॉकडाऊन’ उलट दिशेचा. अमेरिकी तुरुंगात कैद्यांना कोठडीबाहेर पडू न देणं, हा त्याचा १९७०च्या दशकातला अर्थ. २०२०मध्ये कॉलिन्स कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. त्या मार्चमध्ये मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘टाळेबंदी’ हा प्रतिशब्द दिला. मला तो खटकला. गिरणगावात टाळेबंदी म्हणजे मालकाने कामगारांना बाहेर ठेवून फाटकाला घातलेलं कुलूप. इथे तर सगळे आत होते.