रंगाचं वजन

घरच्या गॅरेजमध्ये तीन-चार वर्षं खपून बांधलेलं विमान रंगाशिवायही उडतं. अमेरिकेत व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या किटमधून आरव्ही-७ सारखं दोन आसनी विमान बांधणारे कितीतरी जण ते आधी उघड्या ॲल्युमिनियमवरच उडवतात. चाचणीच्या उड्डाणांत काही ना काही निघतंच. कुठलं झाकण नीट बसत नसतं, कुठे तेल झिरपत असतं. ते सगळं निस्तरून मग रंगाला हात घालायचा. नव्या रंगावर पाने चालवण्यापेक्षा हा क्रम मला कधीही बरा वाटतो. मात्र त्यामुळे रंग ही शेवटी लावायची पावडर-टिकली आहे असा समज होतो, आणि तो घातक आहे. विमानावर चढलेला रंग विमानाचा सुटा भाग असल्यासारखाच मोजावा लागतो.

आधी वजनच बघू. पाऊणशे मायक्रॉन, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीचा रंगाचा थर एक चौरस मीटरवर वाळला की सुमारे शंभर ग्रॅम भरतो. पंख, धड, शेपटी, दोन्ही बाजू, प्रायमर, वरचे हात, जोडांवरची लांबी असं धरत गेलं की अशा लहान विमानावर दहा-पंधरा किलो सहज चढतात. पेट्रोलच्या भाषेत ते वीसेक लिटर झाले, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक उड्डाण. अमेरिकेच्या स्पेस शटलची बाहेरची इंधनटाकी १९८१च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. पुढच्या उड्डाणापासून ती तशीच तांबूस-केशरी सोडली, आणि त्यात पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन वाचलं. जाड थराने ओबडधोबड काम झाकता येतं हे खरं, पण झाकलेलं ते वजन पुढची सगळी वर्षं वाहावं लागतं.

आता पत्र्याकडे येऊ. या विमानांचा पत्रा अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या दरम्यानचा असतो. ताकदीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं, आणि तांब्यामुळेच तो गंजायला सोपा जातो. म्हणून गिरणीतच त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचं अस्तर चढवतात. पातळ पत्र्यात हे अस्तर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाच टक्के असतं, म्हणजे तीस-चाळीस मायक्रॉन. लाकडावर चालवतो तसा जाड पॉलिश पेपर हाणला तर हे संरक्षण दहा मिनिटांत निघून जातं. इथे लागते ती तांबूस रंगाची बारीक स्कॉच-ब्राइट, आपल्या मोरीतल्या हिरव्या घासणीचीच बहीण. तिने पत्र्याची चमक जाऊन तो एकसारखा मंद दिसेपर्यंत हलक्या हाताने घासायचं. लोखंडी घासणी किंवा तारेचा ब्रश मात्र चुकूनही नको. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि ओल मिळताच भोवतालचं ॲल्युमिनियम खायला लागतात.

घासल्यावर सॉल्व्हंटने पुसायचं. एका फडक्याने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, कारण सॉल्व्हंट जागेवरच उडून गेलं तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. मग आम्लयुक्त द्रावणाने धुणं आलं. यानंतरची परीक्षा मला फार आवडते, कारण तिला एका पैशाचं उपकरण लागत नाही. पत्र्यावर स्वच्छ पाणी सोडायचं. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले तर तेलकटपणा बाकी आहे, परत घासा. पाणी अखंड पदरासारखं पसरून राहिलं तर पत्रा तयार. त्यानंतर उघड्या हाताचं एक बोटही लागता कामा नये. बोटाच्या ठशाएवढं तेलसुद्धा पुढे रंगाचा फोड होऊन वर येतं.

पुष्कळ जण यापुढे क्रोमेटचं द्रावण लावतात. त्याने पत्र्यावर फिकट सोनेरी झाक येते, गंज अडतो आणि प्रायमरला पकड मिळते. हे क्रोमियम कर्करोगाला कारण होणारं आहे. हातमोजे लागतातच, आणि धुवण गटारात सोडायचं नाही. मग एपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात. तो किती वेळात वरच्या रंगाखाली गेला पाहिजे हे डब्यासोबतच्या कागदावर तासांत लिहिलेलं असतं. ती वेळ टळली की प्रायमर इतका कडक होतो की वरचा रंग त्याला धरत नाही, आणि सगळं विमान पुन्हा घासावं लागतं.

वरचा रंग सहसा दोन भागांचा पॉलियुरेथेन असतो. चिवट, चकचकीत, उन्हात टिकणारा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते पुढचं: आयसोसायनेटच्या फवाऱ्यात कोळशाच्या साध्या मास्कवर विसंबून राहायचं नाही. त्याचा वास येऊ लागतो तोवर धोक्याची पातळी ओलांडलेली असते, त्यामुळे मास्कचा फिल्टर संपला हे नाकाला कळत नाही. एकदा शरीर त्याच्याविरुद्ध बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा जबर झटका येतो, आणि ही संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर राहते. म्हणून बाहेरची स्वच्छ हवा नळीने तोंडावरच्या मास्कपर्यंत आणणारी सोय हवी, आणि कातडीही पूर्ण झाकलेली हवी. ही सोय होत नसेल तर रंगवायचं काम व्यावसायिक बूथला द्यावं, असं मी निःसंकोच सांगेन. स्वतः रंगवल्याचा आनंद फुप्फुसांएवढा मोठा नाही.

गॅरेजचा बूथ करताना प्लॅस्टिकचे पडदे लावतात, हवा आत येते तिथे फिल्टर बसवतात आणि धूळ उडू नये म्हणून जमीन ओली ठेवतात. हवा बाहेर ओढणाऱ्या पंख्याची मोटर मात्र थिनरच्या वाफेच्या वाटेत नको, एक ठिणगी पुरते. विमानालाही तारेने अर्थिंग द्यायचं.

फवारणीचं तंत्र पेणच्या गणपती कारखान्यात गन चालवणाऱ्याला नवं वाटणार नाही. गन पृष्ठभागाला काटकोनात, वीतभर अंतरावर. हात मनगटातून फिरवायचा नाही, सगळा खांदा सरकवायचा. कडेच्या आधी ट्रिगर दाबायचा आणि कडेपलीकडे सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवायचा. पहिला हात नुसता चिकट पकड येण्यापुरता, पुढचे ओले. हात रेंगाळला की रंग ओघळतो. गन लांब गेली तर कण हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रंग नीट पसरला नाही तर संत्र्याच्या सालीसारखी पुळी उठते. गाडीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन कुठे लागलेलं असेल तर तिथे रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल हटतो. हे सगळं आधी टाकाऊ पत्र्यावर शिकून घ्यावं, आणि पहिला खरा भाग म्हणून चाकांचं आवरण घ्यावं.

झाकायच्या जागांची यादी लेखी हवी. कॉकपिटवरचा ॲक्रिलिकचा घुमट थिनरच्या वाफेने बारीक बारीक तडकतो, म्हणून तो पूर्ण गुंडाळायचा. टेप पत्र्यावर चिकटवून ब्लेडने कापायची नाही, कारण त्या ओरखड्यातूनच पुढे भेग चालते. पोटाखालची पाणी निघायची भोकं बुजू द्यायची नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाची धडाच्या बाजूंची हवेचा दाब मोजणारी छिद्रं. उंची आणि वेग दाखवणारे काटे त्यांच्या भरवशावर चालतात. आरव्हीत ती एका साध्या रिव्हेटच्या डोक्याएवढी असतात, आणि भोवती रंगाची जाड कड साचली तरी वेगाचा काटा चुकू शकतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि सत्तरच्या सत्तर माणसं गेली. विमान धुताना या छिद्रांवर लावलेली टेप काढायची राहिली होती. म्हणून इथे रंगाशी मिळतीजुळती टेप कधीच नको. भडक रंगाची, लोंबणारी शेपटी असलेली हवी.

सगळीच विमानं पत्र्याची नसतात. कापडाच्या विमानात पॉलिएस्टर उन्हाने कुजू नये म्हणून रंगाखाली ॲल्युमिनियमच्या भुकटीचे चंदेरी हात द्यावे लागतात. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीसारखी काचतंतूंची विमानं पांढरी दिसतात ती हौशीने नव्हे. गडद रंग उन्हात तापला तर आतलं एपॉक्सी मऊ पडायला लागतं.

रंग वाळला की उरतात ती अक्षरं. अमेरिकेत नोंदणीक्रमांक एरवी बारा इंची लागतो, १८० नॉटपर्यंत वेगाच्या घरबांधणीच्या विमानांना तीन इंचांची सवलत आहे. आपल्याकडे अक्षरांची सुरुवात व्हीटीने होते. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या सहा आसनी विमानावर व्हीटी-एनएमडी आहे.

आता सुकाणूचे भाग. एलेरॉन आणि एलेव्हेटर बिजागरीभोवती तोललेले असावे लागतात, म्हणूनच त्यांच्या पुढच्या बाजूला वजन बसवलेलं असतं. रंग मात्र बहुतेक बिजागरीच्या मागे चढतो. बिजागरीपासून ३० सेंटिमीटर मागे २५ ग्रॅम रंग बसला, तर १० सेंटिमीटर पुढच्या वजनात ७५ ग्रॅमची भर घालावी लागते. ती घातली नाही तर वेगात हा भाग फडफडू लागू शकतो, आणि तसली फडफड काही सेकंदांत शेपटी मोडू शकते. म्हणून हे भाग सुटे रंगवायचे, रंगल्यावर दोन धारदार आधारांवर बिजागरीच्या रेषेत ठेवून तोलायचे, गरजेप्रमाणे शिसं वाढवायचं किंवा कोरायचं, आणि मगच जागेवर बसवायचे. शेवटी तिन्ही चाकं तीन काट्यांवर चढवून सगळ्या विमानाचं पुन्हा वजन करायचं, गुरुत्वमध्य नव्याने काढायचा आणि तो आकडा लॉगबुकात तारखेसह लिहायचा. झाकायच्या जागांची ती यादी हातात घेऊन एकेक टेप मोजून काढायची, आणि बादलीत पडलेल्या तुकड्यांची संख्या यादीशी जुळल्याशिवाय हँगरचं दार उघडायचं नाही.