वऱ्हाडांतील एक वकील

इंग्रजीच्या तासास अब्राहाम लिंकन यांचें चरित्र चाललें असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, इतकी चांगली वकिली सोडून हे राजकारणांत कशाला पडले?” प्रश्न साधा, पण मार्मिक होता. १८५४ सालीं लिंकन स्प्रिंगफील्ड येथें वकिली करीत होते व राजकारणांतून बहुतेक अलिप्त झाले होते. त्या वर्षीं कॅन्सस व नेब्रास्का या प्रदेशांत गुलामगिरीस वाट मोकळी करणारा कायदा झाला, आणि ते पुन्हां सभांतून बोलूं लागले.

त्याच वर्षीं, २७ ऑगस्ट रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं वऱ्हाडांत गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म झाला. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या चरित्रांत सांपडतें. आणि कळमेश्वराहून अमरावती कांहीं फार दूर नाहीं.

खापर्डे १८८४ सालीं एल्एल्. बी. झाले. त्या काळच्या सुशिक्षितांच्या रीतीप्रमाणें त्यांनीं प्रथम सरकारी नोकरी पत्करली व ते एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर झाले. १८९० सालीं ती सोडून त्यांनीं अमरावतीस वकिली सुरू केली. या गोष्टीचें महत्त्व आज चटकन् ध्यानांत येत नाहीं. सरकारी अंमलदारास सरकारविरुद्ध बोलण्याची मुभा नसे. व्यापाऱ्यास व सावकारास कचेरीची मर्जी सांभाळावी लागे. वकिलाचें पोट मात्र पक्षकारावर चाले. न्यायाधीशासमोर उभें राहून “हा हुकूम कायद्यास धरून नाहीं” असें म्हणणें हा तर त्याचा रोजचा व्यवसाय. हें धैर्य कोर्टांत अंगीं बाणलें, कीं तें सभेंत नेण्यास फार अवधि लागत नाहीं.

दादासाहेबांची वकिली जोरांत चालली. राहणी अशी थाटाची, कीं लोक त्यांस ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत. १८९७ सालीं अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हां ते स्वागताध्यक्ष होते. अमरावतीच्याच वकिलांपैकीं रावबहादूर मुधोळकर हेही काँग्रेसचे मोठे कार्यकर्ते. १८९० सालीं काँग्रेसतर्फे विलायतेस गेलेल्या मंडळींत ते होते. पुढें दोघांच्या वाटा फुटल्या. १९०७ ची काँग्रेस आपल्या नागपुरास भरावयाची, ती येथील दोन पक्षांच्या तंट्यामुळें सुरतेस नेली, आणि तेथें ती दुभंगली. खापर्डे टिळकांच्या बाजूस राहिले. मुधोळकर नेमस्तांत राहिले व १९१२ सालीं बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुधोळकरांचा मार्ग भित्रेपणाचा होता, असें कांहीं लोक म्हणतात. मला तें पटत नाहीं. सनदशीर मार्गानें वर्षानुवर्षें अर्ज करीत राहण्यास निराळ्या प्रकारची चिकाटी लागते.

मात्र किंमत अधिक दिली ती खापर्ड्यांनीं. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां त्यांच्या सुटकेची खटपट करण्यासाठीं ते विलायतेस गेले व सुमारें दोन वर्षें तेथेंच राहिले. दोन वर्षें वकिलाची वाट पाहणारा पक्षकार विरळा! परततांना ब्रह्मदेशांत उतरून ते मंडालेच्या तुरुंगांत टिळकांस भेटले.

१९२० सालीं गांधीजींनीं वकिलांस कोर्टें सोडण्यास सांगितलें. ज्यानें टिळकांसाठीं आपली वकिली पणास लावली, त्याच खापर्ड्यांस हा बहिष्कार मान्य झाला नाहीं. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें गेले व १९२५ पर्यंत तेथें सभासद होते. १ जुलै १९३८ रोजीं ते वारले.