सायकल आणि नगरवाचन : पुण्याच्या पेठांचे उदाहरण

नगर म्हणजे केवळ इमारतींचा समूह नव्हे. इमारत, तिच्याकडे नेणारी वाट आणि लोकांनी त्यांस दिलेले नाव या तिहींच्या संबंधातून नगर सिद्ध होते. हा संबंध न्याहाळण्यासाठी कोणत्या गतीने फिरावे, हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही. पायी हिंडणाऱ्यास एक पेठ बारकाईने दिसते. परंतु दुसरीशी तिची तुलना करीपर्यंत दिवस सरतो. मोटार अरुंद आळीत शिरू शकत नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात सायकल हेच या दोहोंमधील उचित साधन ठरते.

कसबा पेठेतील तांबट आळीत ठोक्यांचा नाद कानी पडताच आळीच्या नावाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. तेथून काही मिनिटांतच शनिवारवाडा येतो. १७३० साली पाया घातलेल्या या वाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत नष्ट झाले. जोती, तट आणि दरवाजे तेवढे उरले. ते उघडे जोते डोळ्यांपुढे ताजे असतानाच सायकलस्वार बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाड्यापाशी पोहोचतो. १८०७ च्या सुमाराच्या या वाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब आणि कोरीव सज्जा पाहून, आधीच्या वाड्यात काय जळाले असावे याची कल्पना येते. जवळच मंडईची गॉथिक धाटणीची इमारत आहे. १८८६ साली ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उभी राहिली. तिच्यावरील खर्चास ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, त्यांचेच नाव तिला पुढे मिळाले.

नावांचा हा व्यवहार देवळांच्या बाबतीत अधिक मोकळा दिसतो. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती ही नावे शासनाने दिलेली नाहीत. ‘राम’चे ‘राम्या’ करणारी जी सलगी बोलीत आहे, तिच्याच जातीचा ‘-या’ येथे देवालाही लागलेला जाणवतो. ‘पासोड्या’ आणि ‘जिलब्या’ ही रूपे अनेकवचनाशी जुळतात, ‘खुन्या’ मात्र कर्तृवाचक आहे. तरीही बोलणाऱ्याच्या कानाला तिन्ही एकाच घडणीची वाटतात. मूळ घटना विस्मृतीत गेली तरी नाव तिची खूण राखून ठेवते.

मात्र या खुणेला आधार देणारी वास्तू वेगाने नाहीशी होत आहे. पेठांतील अनेक वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आहेत. कित्येक ठिकाणी वाडा गेला आणि नाव तेवढे राहिले. वास्तूवाचून उरलेले नाव एका पिढीत दुर्बोध होते, आणि नावावाचून उरलेली वास्तू मुकी होते. म्हणून स्थापत्य व स्थलनामे यांची नोंद निरनिराळ्या वह्यांत न करता एकाच फेरीत, एकाच पानावर करणे अगत्याचे आहे. वास्तूचा काळ, तिची बांधणी, लिखित नाव आणि परिसरातील उच्चारित नाव एवढ्या चार गोष्टी टिपण्यास खर्च पडत नाही. सायकल उभी करून एखाद्या वृद्ध रहिवाशाशी दोन शब्द बोलण्याची तयारी मात्र हवी.