आपत्तीच्या दिवसाची तजवीज : सनगार्डचा मागोवा

ज्या काळी संगणक म्हणजे एका थंडगार दालनात बसविलेले, प्रचंड किमतीचे आणि अहोरात्र निगराणीची अपेक्षा करणारे एकच यंत्र असे, त्या काळी ते यंत्र जळाले तर बँकेच्या खात्यांचे, विमा कंपनीच्या दाव्यांचे आणि कामगारांच्या पगारपत्रकांचे काय होणार, हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत फारसा कोणी काढीत नसे. १९७८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी त्याच प्रश्नातून ज्यांनी एक नवा व्यवसाय उभा केला, ते सन ऑइल या तेल कंपनीच्या संगणक विभागातील लोक होते. त्यांनी एक पर्यायी यंत्रगृह सज्ज ठेवले. ग्राहकांनी वर्गणी भरावी आणि प्रसंग ओढवल्यास रीतसर आपत्ती जाहीर करून तेथे आपले काम चालू करावे, असा करारनामा केला. या व्यवसायात अशा यंत्रगृहाला हॉटसाइट म्हणतात, आणि व्यापारी तत्त्वावरील पहिले हॉटसाइट असण्याचा मान सामान्यतः याच केंद्राला दिला जातो. १९८३ साली हा विभाग मूळ कंपनीपासून अलग झाला आणि सनगार्ड या नावाने आपल्या पायावर उभा राहिला.

या व्यवसायाचे गणित विम्याचे होते. एकच यंत्र अनेक वर्गणीदारांना कबूल केलेले असे, आणि सर्वांवर एकाच दिवशी संकट कोसळणार नाही या भरवशावर प्रत्येकाला ते परवडत असे. परंतु विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन मोकळी होते. येथे मात्र ठरलेल्या मुदतीत चालते यंत्र, जोडलेल्या तारा आणि माणसांना बसायला जागा प्रत्यक्ष हजर करावी लागे. भाडे, वीज आणि कर्मचारी यांचा खर्च आपत्ती येवो वा न येवो, अखंड चालू राही. हा भार पुढे किती जड होणार, हे त्या भरभराटीच्या वर्षांत कोणाला जाणवले नसावे.

सनगार्डचे खरे कार्य मात्र, माझ्या मते, आपत्तीच्या दिवसापेक्षा तालमीच्या दिवशी अधिक घडत होते. वर्गणीबरोबर ग्राहकाला हॉटसाइटवर चाचणीचे काही तास मिळत. ठरल्या दिवशी दूरच्या तिजोरीतून चुंबकीय फितींच्या पेट्या गाडीने येत, ग्राहकाचे ऑपरेटर हातात कार्यपुस्तिका घेऊन हजर होत, आणि परक्या यंत्रावर आपला सगळा कारभार आरंभापासून मांडू लागत : प्रथम फितीवरून कार्यप्रणाली चढवायची, मग कोणती माहिती कोणत्या फितीवर आहे याची सूची, मग एकामागून एक माहितीसाठे, आणि शेवटी दूरच्या शाखांची टर्मिनले जोडून एखादा व्यवहार खरोखर पूर्ण होतो का ते पाहायचे. फीत आरंभापासून क्रमानेच वाचावी लागत असल्याने रात्र यातच जाई. आणि पहाटेच्या सुमारास कळे की सूचीत नोंदलेली एक फीत पेटीत आलेलीच नाही, किंवा आली आहे पण वाचता येत नाही, किंवा कार्यपुस्तिकेतील सूचना मागच्या वर्षीच्या प्रणालीच्या आहेत. चाचणी फसली म्हणून कोणी निराश होण्याचे कारण नव्हते. जी त्रुटी आगीच्या दिवशी प्राणघातक ठरली असती, ती वर्गणीच्या मोलात उघडकीस येत होती. बॅकअप घेणे आणि बॅकअपवरून काम उभे करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे एका पिढीच्या संगणक व्यवस्थापकांच्या अंगी बाणले ते अशा रात्रींमुळेच.

२००१ हे वर्ष या इतिहासातील सर्वांत घटनाबहुल पर्व होय. सनगार्डची जुनी प्रतिस्पर्धी कॉमडिस्को त्या जुलैत दिवाळखोरीच्या आश्रयाला गेली होती आणि तिचा पर्यायी यंत्रगृहांचा विभाग विक्रीस निघाला होता. अशातच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांनी आपत्ती जाहीर केली. विमाने जमिनीवर खिळल्यामुळे फिती आणि माणसे रस्त्याने न्यावी लागली, आणि यंत्रांइतकीच टंचाई कामाला बसण्याच्या जागांची आणि टेलिफोनांची आहे, असे आढळून आले. पुढच्याच महिन्यात सनगार्डने कॉमडिस्कोचा विभाग ८२.५ कोटी डॉलरांना घेण्याचे ठरविले, तेव्हा मक्तेदारीच्या शंकेने अमेरिकेच्या न्याय खात्याने दावा गुदरला. न्यायाधीश एलेन ह्युवेल यांनी नोव्हेंबरमध्ये तो अमान्य केला. वर्गणीच्या हॉटसाइटला स्वतंत्र बाजारपेठ मानता येत नाही, कारण ग्राहकाला स्वतःचे पर्यायी केंद्र उभारण्यासारखे इतर मार्ग खुले आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. सनगार्डने तो विजय म्हणून स्वीकारला, आणि तो विजय होताही. परंतु ग्राहक आपल्याला सोडून कोणत्या वाटेने जातील याचे इतके स्पष्ट वर्णन तिला पुन्हा कोठे वाचायला मिळाले नसेल.

२००५ साली सात गुंतवणूक संस्थांनी मिळून अकरा अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला संपूर्ण सनगार्ड घेतले, आणि त्या व्यवहाराच्या कर्जाचा मोठा भाग कंपनीच्याच डोक्यावर बसला. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती वापराच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला; यालाच क्लाउड म्हणतात. एक साधन अनेकांत वाटून घेण्याचे सनगार्डचेच तत्त्व तेथे अधिक विशाल प्रमाणावर आणि करारनाम्याच्या बेडीवाचून साकार झाले होते. २०१४ साली सनगार्ड अव्हेलेबिलिटी सर्व्हिसेस या नावाने पर्यायी यंत्रगृहांचा हा विभाग कंपनीच्या इतर व्यवसायांपासून वेगळा निघाला. उरलेले सनगार्ड पुढच्या वर्षी एफआयएस या वित्तीय तंत्रज्ञान कंपनीने घेतले. वेगळ्या झालेल्या कंपनीने क्लाउडवरील पुनःस्थापनेच्या सेवा नेटाने उभ्या केल्या, आणि पुण्याच्या तिच्या कार्यालयातील अनेक मराठी अभियंत्यांचा त्या कामात हात होता. कौशल्याची वाण नव्हती. वाण होती ती मोकळ्या भांडवलाची, कारण मिळकतीचा मोठा वाटा व्याजात आणि भाड्यात जात होता.

२०१९ साली या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, न्यायालयाने एका दिवसाच्या आत तिची पुनर्रचना मंजूर केली आणि ऐंशी कोटी डॉलरांहून अधिक कर्ज उतरले. मग करोनाची साथ आली. माणसे घरून काम करू लागली, आणि आपत्तीसाठी राखून ठेवलेल्या कार्यालयीन जागांची गरजच ओसरली. भाडेपट्टे मात्र कायम राहिले. विजेचे दर भडकले तसा मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमधील कंपनीचा कारभार प्रशासकांच्या ताब्यात गेला, एप्रिलमध्ये अमेरिकेतील कंपनीने दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि वर्ष संपण्यापूर्वी तिचे विभाग इलेव्हन इलेव्हन सिस्टिम्स आणि ३६५ डेटा सेंटर्स यांच्याकडे गेले. ज्या ग्राहकांनी आपत्तीच्या भयाने वर्गणी भरली होती, त्यांतील काहींना आपली यंत्रे तातडीने अन्यत्र हलवावी लागली. क्लाउडने सनगार्डचा बळी घेतला असे सर्रास म्हटले जाते; मला ते अर्धेच खरे वाटते. कर्जाचा डोंगर नसता तर हे संक्रमण तिला पेलले असते.

तिने रुजविलेली तालमीची शिस्त मात्र क्लाउडबरोबर आपोआप येत नाही, आणि नुसते पर्यायी केंद्र उभारूनही येत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० पासून दुपारी पावणेचारपर्यंत बंद पडले. पर्यायी केंद्र सिद्ध असूनही कारभार तिकडे हलविला गेला नाही. त्यानंतर बाजारांची नियामक संस्था सेबी हिने पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करण्याचे बंधन घातले, आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी मुद्दाम खास सत्र भरवून खरे व्यवहार पर्यायी केंद्रावरून चालविण्यात आले. सहकारी बँका, रुग्णालये, विद्यापीठे, पालिका यांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आहे, अशा वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या संस्थेत बॅकअप घेतला जातो का, एवढेच विचारून थांबू नये; त्यावरून सगळे काम शेवटचे कधी उभे करून पाहिले, त्याची तारीख लेखी मागून घ्यावी.