वृद्धांचे हृदय आणि बारीक रक्तवाहिन्या

या विषयावर बोलण्यास एखादा डॉक्टर उभा राहावयास हवा होता, असे आपणांस वाटत असेल. आम्हांलाही तसेच वाटते. आमची शाळा सातवीत सुटली, आणि पुढचे आयुष्य नगरपालिकेच्या पाणीखात्यातील कामगारांची युनियन बांधण्यात गेले. जे वाचले ते रात्री, कचेरीत बसून, गरज पडली म्हणून. हा विषयही गरजेपोटीच वाचला. ती गरज आधी सांगतो.

आमचे एक जुने सभासद आहेत. ३४ वर्षे त्यांनी गल्लोगल्ली पाण्याच्या चाव्या सोडल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना दम लागू लागला. युनियनच्या कचेरीचा जिना २१ पायऱ्यांचा. दहाव्या पायरीवर ते कठड्याला धरून उभे राहत. एका दवाखान्यात हृदयाचा इको काढला. ‘हृदय उत्तम आकुंचन पावते, दम वयामुळे आहे,’ असे सांगून त्यांना घरी पाठविले. आम्हीही तीच री ओढली. म्हणालो, “मामा, आता वय झालं. घरी बसा, आराम करा.” मामा वर्षभर बसून राहिले. मग पावले सुजू लागली. रात्री दोन उशा घेतल्यावाचून झोप येईना. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितले, की हे हार्ट फेल्युअर आहे.

आम्ही चक्रावलो. हृदय उत्तम चालते, आणि तरी ते ‘फेल’?

आधी या शब्दाचा उलगडा करू. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरविणे हृदयाला जमेनासे होते, किंवा आतला दाब वाढवूनच ते जमते, या अवस्थेला हे नाव आहे. याचे दोन मुख्य प्रकार. एकात हृदयाचा स्नायू दुबळा होतो व रक्त पुरेसे बाहेर फेकत नाही. दुसऱ्यात डाव्या बाजूचा खालचा कप्पा दर ठोक्याला आपल्यातील ५० टक्के किंवा अधिक रक्त फेकतो, म्हणजे फेकण्यात कसूर नसते. पण त्याची भिंत ताठर झालेली असते. ती सैल पडत नाही, कप्पा सहज भरत नाही, आणि मागे फुप्फुसांत दाब तुंबतो. म्हणून दम लागतो. हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रोग्यांत हा दुसरा प्रकार असतो, आणि वृद्धांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, तो फार आढळतो. रक्तदाब, मधुमेह व लठ्ठपणा हे त्याचे सोबती.

आता ही भिंत ताठर का होते, आणि अशा माणसाचे पायही लवकर का थकतात, हे पाहण्यासाठी बारीक रक्तवाहिन्यांकडे वळले पाहिजे.

रक्त शरीरात फिरते, हे विल्यम हार्वे याने १६२८ साली सिद्ध केले. पण रोहिणीतून गेलेले रक्त नीलेत कसे येते, तो मधला दुवा त्याला दिसला नाही. तो १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिला. या केशवाहिन्या इतक्या बारीक, की ७-८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागांपैकी सात-आठ भाग, रुंदीची तांबडी पेशी कित्येक ठिकाणी दुमडून पुढे सरकते. प्राणवायू पोचविण्याचे खरे काम येथेच होते. बाकीच्या मोठ्या वाहिन्या म्हणजे केवळ वाहतुकीचे रस्ते. पुढे कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोघ याने दाखविले, की काम करणाऱ्या स्नायूत केशवाहिन्यांचा पुरवठा गरजेप्रमाणे वाढविला जातो. त्याबद्दल त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा पुरवठा कोण वाढवितो? केशवाहिन्यांच्या आधी ज्या बारीक रोहिण्या असतात, त्या सैल किंवा घट्ट होऊन रक्त सोडतात अथवा अडवितात. आमच्या धंद्याच्या भाषेत या चाव्या. आणि चावी फिरविणारा हात म्हणजे वाहिनीच्या आतील एका पेशीच्या जाडीचे अस्तर. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट व त्यांचे सहकारी सशाच्या रोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. अस्तर शाबूत असेल तर एका औषधाने पट्टी सैल पडे. अस्तर खरवडले गेले असेल तर पडत नसे. म्हणजे अस्तरातून काहीतरी निरोप जातो. हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला, आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल मिळाले.

वाढते वय, रक्तदाब, मधुमेह व चरबी यांनी हे अस्तर बिघडते. शरीरात मंद दाह धुमसत राहतो, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, चाव्या पुरत्या उघडत नाहीत. पाउलुस व चोपे या संशोधकांनी २०१३ साली असे मत मांडले, की हृदयाच्या स्वतःच्या बारीक वाहिन्यांतील हाच बिघाड शेजारच्या स्नायूपर्यंत पोचतो व त्याला ताठर करतो. हे मत आहे, अंतिम निकाल नव्हे; पण त्याला बळ देणारा पुरावा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात या प्रकारच्या २०२ रोग्यांपैकी ७५ टक्क्यांच्या हृदयातील बारीक वाहिन्या गरजेप्रमाणे रक्त वाढवू शकत नव्हत्या. शिवाय अशा वृद्धांच्या मांडीच्या स्नायूत तंतूंच्या मानाने केशवाहिन्या कमी असल्याचेही आढळले आहे. थकवा पायांत का उतरतो, ते यावरून थोडे कळते.

हे सारे आम्ही मामांना आमच्या परीने समजावून दिले. ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, म्हणजे पंप चालू, मेन लाइन ठीक, पण गल्लीची चावी आटली. आणि तुमच्या डॉक्टरानं दाब रात्री दोन वाजता मोजला.” मामांचे म्हणणे कोणाही पाणीवाल्यास पटेल. रात्री सगळे नळ बंद असताना दाब भरपूरच दिसतो; सकाळी सातला सगळे नळ सुटले की खोट उघडी पडते. आडवे पडून काढलेल्या इकोचे असेच होऊ शकते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. तेवढ्यात भागून जाते. जिना चढताना मागणी वाढते, तेव्हा कमतरता दिसते.

मग उपाय? नायट्रिक ऑक्साइड कमी, तर नायट्रेटची गोळी द्या, असे वाटणे साहजिक होते. २०१५ साली ११० रोग्यांवर ते करून पाहिले. गोळी घेणाऱ्यांची हालचाल वाढण्याऐवजी उलट कमीच झाली. चावी आटली म्हणून मेन लाइनवर हातोडा मारून चालत नाही.

उपयोग झाला तो चालण्याचा. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५३ वृद्ध रोग्यांपैकी काहींना १६ आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती वाढली. आणि पुढील पृथक्करणात दिसले, की ही सुधारणा बहुतांशी हृदयाबाहेरची, म्हणजे रक्तातील प्राणवायू काढून घेण्याच्या शक्तीतील होती. दंडातील मोठ्या रोहिणीची सैल पडण्याची शक्ती मात्र व्यायामाने बदललेली दिसली नाही. म्हणून संशोधकांची नजर आता स्नायू व त्यातील केशवाहिन्या यांकडे आहे. औषधांतही प्रगती आहे. मधुमेहासाठी निघालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने अशा रोग्यांवर दवाखान्यात भरती होण्याची पाळी कमी येते, असे २०२१ साली सिद्ध झाले. मधुमेह नसलेल्यांनाही त्याचा लाभ झाला.

म्हणजे आम्ही मामांना दिलेला ‘घरी बसा’ हा सल्ला नेमका उलटा होता. आज ते औषधे घेतात, डॉक्टरांनी आखून दिले तेवढेच रोज चालतात, आणि जिना एकदा थांबून चढतात. ते तरुण झालेले नाहीत. पण वाया गेलेले ते एक वर्ष त्यांना परत देता येत नाही, हे आम्हांला डाचते.

श्रोतेहो, आपल्या घरी कोणी वडीलधारे असतील, जिन्यावर दम लागत असेल, पावले सुजत असतील, उशा वाढवाव्या लागत असतील, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवा. इको चांगला आला तरी ‘मग दम कशाचा?’ असे डॉक्टरांना पुन्हा विचारा. व्यायाम आपल्या मनाने सुरू करू नका, पण तो विचारून घ्या. कामगाराने आयुष्यभर कष्ट केले, म्हणून म्हातारपणी दम लागणे हा त्याच्या नशिबाचा भाग आहे, असे आम्ही आता मानीत नाही. त्याची तक्रार नोंदवून घेतली गेली पाहिजे व तिची चौकशी झाली पाहिजे.