शेपटीला कळणारा चिकटपणा

जबलपूरच्या नेपियर टाउनात दवाखान्यांच्या शेजारी पॅथॉलॉजी लॅब आहेत. अशा लॅबमध्ये वीर्यतपासणी करताना एक साधी कृती असते. नमुना पिपेटमध्ये ओढायचा आणि हळूच सोडायचा. नीट पातळ झालेला नमुना थेंब-थेंब गळतो. थेंबामागे २ सेंटिमीटरहून लांब तार सुटली, तर रिपोर्टवर ‘व्हिस्कॉसिटी जास्त’ असा शेरा पडतो.

तार सुटते ती लांबलचक प्रथिनांच्या गुंत्यामुळे. भेंडीच्या चिकटासारखा हा द्रव ताणला की मागे ओढ घेतो. पाणी ताण लगेच विसरतं, हा काही काळ लक्षात ठेवतो. गर्भाशयमुखातला श्लेष्माही याच जातीचा, आणि शुक्राणूची वाट त्यातूनच जाते.

शुक्राणूची लांबी ५०-६० मायक्रॉन, शेपटीची जाडी एका मायक्रॉनहून कमी. एवढ्या लहान जगात जडत्वाचं काही चालत नाही. शेपटी थांबली की शुक्राणूही जागच्या जागी थांबतो. शेपटीवरून लाट मागे धाडत राहणं, हाच पुढे जाण्याचा मार्ग. केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९५१ मध्ये अशा पोहण्याचं गणित मांडलं, पण ते साध्या द्रवासाठी.

श्लेष्मात गणित बिघडतं. शेपटी सेकंदाला दहा-वीस वेळा हलते. श्लेष्माला ताण विसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे प्रत्येक फटका आधीच्या फटक्याने ताणलेल्या द्रवातच बसतो. याचा फायदा की तोटा? एरिक लॉगा यांच्या २००७ च्या गणितात लहान लाटांनी पोहणाऱ्याचा वेग घटला. २०११ मध्ये अमेरिकेत सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी अशा द्रवात सोडला, तेव्हा त्याचा वेग ३५ टक्क्यांपर्यंत उतरला. मात्र टेरान, फाउची आणि शेली यांच्या २०१० च्या संगणकीय प्रारूपात टोकाकडे जोरात हलणारी शेपटी याच द्रवात जास्त वेगाने गेली. म्हणजे निकाल एकट्या द्रवावर ठरत नाही, फटका कसा आहे यावरही ठरतो.

माणसाचा शुक्राणू दाट द्रवात फटका बदलतो. हालचाल शेपटीच्या टोकाकडे सरकते, डोक्याचं डोलणं कमी होतं आणि वाट सरळ होते. म्हणून रिपोर्टमधला गतिशीलतेचा आकडा वीर्यातल्या धावण्यापुरताच खरा. पुढची वाट तपासायला क्रेमर यांनी १९६५ मध्ये वेगळी चाचणी सुचवली होती: बारीक काचनळीत श्लेष्मा भरायचा आणि शुक्राणू त्यात किती आत शिरतात, ते मोजायचं.