अपरिचित बालनाव आणि समाजाची नापसंती : मीरा-भाईंदरमधील चौक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बालकाचे नाव ठरविणे हा वरकरणी कुटुंबापुरता निर्णय असला तरी नातेवाईक, धर्मसंस्था, शेजार आणि शासन या सर्वांची छाया त्यावर पडलेली असते. रूढ नावांच्या चौकटीबाहेरचे नाव निवडणाऱ्या पालकांना नापसंतीला तोंड द्यावे लागते. प्रस्तुत लेखात मीरा-भाईंदरमधील चौक या किनारी गावाच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीवर या नापसंतीचे स्वरूप स्पष्ट केले असून धर्मनियम व नोंदणी कायदा यांच्या आधारे पालकांच्या निर्णयस्वातंत्र्याची व्याप्ती आणि मर्यादा विशद केली आहे.

बीजसंज्ञा : नामकरण, बाप्तिस्मा, ईस्ट इंडियन समाज, जन्मनोंदणी, सामाजिक मान्यता.

१. प्रस्तावना

नाव ही व्यक्तीची पहिली सामाजिक ओळख होय. ती धारण करणाऱ्याला निवडीचा अधिकार नसतो. दुसऱ्यांनी दिलेले नाव त्याला आयुष्यभर वागवावे लागते. म्हणूनच नामकरणाला सर्व समाजांनी विधीचे रूप दिले. महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांत बाराव्या दिवशी बारसे होते आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या वेळी नाव उच्चारले जाते. दोन्ही विधींत नाव खासगी राहत नाही, ते जमलेल्या समाजासमोर जाहीर होते. समाज साक्षीदार असल्यामुळे आपल्यालाही मत आहे असे त्याला वाटते. नापसंतीचा उगम येथे आहे.

नाव हे समाजातील स्थान दर्शविते, याची जाणीव प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे सांगितले आहे. म्हणजे नावाच्या निवडीवरील बंधन हे मुळात माणसाच्या पायरीवरील बंधन होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांनी सिद्धार्थ, गौतम, यशोधरा, प्रज्ञा यांसारखी नावे स्वीकारली, ती या बंधनाला दिलेल्या नकाराची खूण होय. त्या वस्त्यांत ती नावे आरंभी नवी होती. आज ती कोणालाही अपरिचित वाटत नाहीत.

२. चौक परिसर आणि नावांचा इतिहास

भाईंदरच्या पश्चिमेस, वसईच्या खाडीच्या मुखाशी धारावी बेट आहे. उत्तन, पाली, डोंगरी आणि चौक ही त्यावरील गावे. चौक येथील धारावी किल्ल्याच्या जागेवरून खाडीपलीकडील वसईच्या मुलखावर नजर ठेवता येते. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. मधल्या सुमारे दोनशे वर्षांत येथील अनेक कोळी, शेतकरी व कारागीर कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव आणि पोर्तुगीज आडनाव मिळे. त्यातूनच डिमेलो, घोन्साल्विस, बोर्जीस यांसारखी आडनावे रूढ झाली. संतांची नावे मात्र स्थानिक जिभेने आपलीशी केली. इग्नेशियसचा इनास झाला, सेबॅस्टियनचा बस्त्याव झाला, पास्कोलचा पास्कू झाला. घरातील बोली मराठीच राहिली.

१७३९ नंतर राज्य बदलले, परंतु ही नावे टिकली. राज्यकर्त्याचा आश्रय गेल्यावरही जी नावे समाजाने जपली, ती केवळ परकीयांची देणगी उरत नाहीत. ती त्या समाजाच्या चिवटपणाची निशाणी बनतात. आजच्या आजी-आजोबांना नातवाचे नाव संताचेच असावे असे वाटते, त्यामागे ही दीर्घ स्मृती आहे. तिला केवळ जुनाटपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

याच समाजाच्या इतिहासात दुसराही दाखला आहे. १८८७ मध्ये ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि मुंबई, साष्टी, वसई भागातील मूळ ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव जाणीवपूर्वक घेतले. गोवा व मंगलोर येथून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे, येथलेच आहोत हे त्यातून दाखवायचे होते. पश्चिम किनाऱ्यावरील लोकांनी स्वतःस पूर्वेचे नाव द्यावे, हे ऐकणाऱ्यास विचित्रच वाटेल. तरीही वापराने ते नाव आपले झाले. अपरिचितपणा हा नावाचा कायमचा दोष नसतो, हे या समाजाने स्वतःच सिद्ध केले आहे.

३. धर्मनियमातील परिवर्तन

संताचे नाव नसेल तर बाप्तिस्मा होत नाही, असा समज कुटुंबांतील चर्चेत पुष्कळदा पुढे येतो. या समजाला एके काळी आधार होता. १९१७ च्या धर्मसंहितेतील ७६१ व्या नियमानुसार बालकास ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहण्याची जबाबदारी धर्मगुरूवर होती. पालकांचे मन वळविता आले नाही, तर त्यांनी दिलेल्या नावास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असे तो नियम सांगे. म्हणजे त्या काळातही पालकांच्या हट्टामुळे बाप्तिस्मा नाकारला जात नव्हता. तडजोडीची वाट नियमातच होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांना स्थान मिळाले. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८५५ व्या नियमाने अपेक्षा आणखी सौम्य केली. ख्रिस्ती भावनेस परके असलेले नाव दिले जाऊ नये, एवढीच दक्षता पालक, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावयाची आहे. संताचे नाव बंधनकारक नाही. शिवाय बालकांच्या बाप्तिस्म्याच्या विधीत आरंभीच धर्मगुरू पालकांना विचारतो की, तुम्ही या बालकास कोणते नाव देता. प्रश्न पालकांना आहे. आजोबांना वा शेजाऱ्यांना नाही.

समजा, चौकमधील एखाद्या दांपत्याने मुलीचे नाव ‘ओवी’ ठेवायचे ठरविले. या नावात ख्रिस्ती भावनेस बाधक असे काहीही नाही. मराठी नाव आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे सहजीवन महाराष्ट्रास नवेही नाही. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये आणि नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. दोघांचीही मूळ नावे कायम राहिली. याउलट १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे ‘नेहेम्या’ गोऱ्हे झाले. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा याच नावाने ओळखली गेली. हे दाखले प्रॉटेस्टंट परंपरेतील आहेत आणि किनाऱ्यावरील कॅथलिक परंपरा वेगळी आहे, हा फरक ध्यानात ठेवूनही श्रद्धा नावावर अवलंबून नाही, इतके त्यांतून स्पष्ट होते.

४. नापसंतीचे चार प्रकार

नातेवाइकांच्या विरोधाचे पृथक्करण केल्यास त्यात चार प्रकारचे आक्षेप आढळतात. ते एकमेकांत मिसळून मांडले जातात, म्हणून वाद मिटत नाही. प्रत्येकाचे उत्तर मात्र वेगळे आहे.

(अ) धार्मिक आक्षेप : यासंबंधीची वस्तुस्थिती वर आली आहे. नियम काय सांगतो हे धर्मगुरूकडून आधीच समजून घेतल्यास हा आक्षेप बहुतांशी निरस्त होतो.

(आ) नात्यातील आक्षेप : ज्येष्ठांचे नाव नातवंडास देण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. नाव पुढे चालले नाही तर आपणच विसरले जाऊ, अशी भीती यामागे असते. ही भीती बोलून दाखविली जात नाही. ‘हे कसले नाव’ एवढेच शब्द बाहेर येतात. ज्येष्ठांचे नाव दुसरे नाव म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीत घालणे, हा मान राखण्याचा मार्ग येथे उपलब्ध असतो.

(इ) समाजओळखीचा आक्षेप : २०११ च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. मूळ गावे संख्येने लहान ठरत गेली. अशा वेळी नावावरून माणूस आपला म्हणून ओळखू यावा, ही अपेक्षा वाढते. येथे आडनाव साहाय्यास येते. ‘ओवी’च्या पुढे ‘डिमेलो’ असेल तर गावाशी असलेला धागा तुटत नाही.

(ई) व्यावहारिक आक्षेप : मुले चिडवतील, उच्चार चुकेल, कागदपत्रांत लेखन बदलेल, हा आक्षेप सर्वांत कमी भावनिक आणि म्हणूनच सर्वांत विचारार्ह आहे. तो पालकांच्या मताशी नव्हे, तर मुलाच्या हिताशी निगडित आहे. नाव मोठ्याने हाक मारून पाहणे, त्याचा अर्थ शेजारच्या भाषांत तपासणे आणि देवनागरी व रोमन लिप्यांतील एकच लेखन पक्के करणे, ही काळजी पालकांनी घेतलीच पाहिजे.

५. कायद्याची चौकट

भारतात मान्य नावांची शासकीय यादी नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नावाच्या सुंदरतेविषयी किंवा परंपरेविषयी काहीच बोलत नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते, परंतु त्याच वेळी नाव देणे आवश्यक नाही. कलम १४ नुसार नावाविना जन्म नोंदविता येतो. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव दाखल करता येते. घरात मतभेद असताना रुग्णालयातील अर्जावर घाईने नाव लिहून टाकण्याची गरज नाही, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

एकदा दाखल झालेले नाव मात्र सहज बदलत नाही. कलम १५ खाली दुरुस्ती होते ती चुकीच्या वा कपटाने केलेल्या नोंदीची. नंतर मत बदलणे ही चूक ठरत नाही. २०२३ च्या सुधारणेने या नोंदीचे वजन वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, शासकीय नोकरी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थानाचा पुरावा आहे. त्याचप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम विहित केला आहे. यामुळे निवडीचे स्वातंत्र्य कमी झालेले नाही. निवड विचारपूर्वक करण्याची निकड वाढली आहे.

पालकांतच एकमत नसेल तर? सप्टेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे असा प्रसंग आला. विभक्त राहणाऱ्या आई-वडिलांच्या वादात बालिकेच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हते. न्यायालयाने पालकत्वाचा आपला अधिकार वापरून स्वतः नाव निश्चित केले आणि तसे करताना बालकाचे हित सर्वोच्च मानले.

६. इतर देशांतील अनुभव

काही देशांत समाजाची नापसंती कायद्यातूनच व्यक्त झाली. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने दिनदर्शिकांतील व प्राचीन इतिहासातील नावांपुरतीच निवड मर्यादित केली होती. ब्रेटन भाषेतील नावे ठेवणाऱ्या कुटुंबांना त्याचा त्रास झाला. १९९३ च्या कायद्याने हे बंधन उठले. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. तेथे ‘ब्लायर’ हे नाव व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी ठरवून एका मुलीला नाकारण्यात आले. धर्मगुरूने त्या नावाने बाप्तिस्मा दिला होता, तरी शासकीय कागदांवर ती केवळ ‘मुलगी’ म्हणून राहिली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, तेव्हा ती १५ वर्षांची होती. भारतात असे बंधन शासन घालत नाही. ते घरातून आणि गल्लीतून येते. त्यावर अपील नसते, म्हणून संवाद हाच उपाय उरतो.

७. स्वातंत्र्याची कसोटी

पालकांनी दिलेले प्रत्येक वेगळे नाव समर्थनीयच, असे मात्र म्हणता येणार नाही. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकोशी’ म्हटले जाई आणि दप्तरी तेच नाव लागे. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. ‘नकोशी’ हे नावही कुटुंबानेच दिलेले होते आणि भोवतालच्या समाजाने ते खपवून घेतले होते. या दाखल्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. समाजाची मान्यता असणे म्हणजे नाव योग्य असणे नव्हे आणि मान्यता नसणे म्हणजे ते अयोग्य असणे नव्हे. नावाने मुलाच्या प्रतिष्ठेत भर पडते की मोठ्यांचा हट्ट, निराशा वा हौस त्याच्या माथी मारली जाते, हीच खरी कसोटी आहे. ही कसोटी विरोध करणाऱ्या आजोबांना लागू आहे, तशीच नावीन्याच्या हौसेने नाव निवडणाऱ्या आई-वडिलांनाही आहे.

८. अध्यापकांची भूमिका

अपरिचित नावाची परीक्षा पुढे वर्गात होते. हजेरी घेताना अध्यापक एखाद्या नावापाशी अडखळतो, हसतो किंवा ‘हे कसले नाव’ असे म्हणतो, तेव्हा घरात मिटलेला वाद चारचौघांत पुन्हा उघडतो आणि या वेळी त्याची झळ विद्यार्थ्यास बसते. उच्चार विचारून घेणे, परीक्षा अर्जावरील लेखन जन्मदाखल्याशी जुळते का हे प्रवेशाच्या वेळीच पाहणे आणि नाव व आडनावावरून धर्म, जात वा मातृभाषा गृहीत न धरणे, या तीन साध्या गोष्टी अध्यापकाच्या हाती आहेत. ‘ओवी डिमेलो’ हे नाव वाचून मराठीच्या तासाला आश्चर्य व्यक्त होऊ नये, एवढी तयारी महाविद्यालयाची असावयास हवी.

९. निष्कर्ष

चौकसारख्या गावात नावाचा वाद हा जुने विरुद्ध नवे असा सरळ सामना नाही. संतांची पोर्तुगीज नावे एके काळी येथे नवी होती. ती जिभेवर रुळली आणि वारसा बनली. आज मराठी किंवा अन्य अपरिचित नाव निवडणारे पालक हा वारसा मोडीत काढतात असे मानण्याचे कारण नाही. धर्मनियम त्यांना अडवीत नाही, कायदा त्यांना पुरेसा अवधी देतो आणि आडनाव व दुसरे नाव यांच्या योगे नात्याचा मान राखता येतो. उरते ती मुलाच्या हिताची जबाबदारी. ती ओळखून घेतलेला निर्णय पालकांनी शांतपणे सांगावा व त्यावर ठाम राहावे. नापसंती सहसा बारशापर्यंत वा बाप्तिस्म्यापर्यंत टिकते. त्यानंतर तेच नातेवाईक त्याच नावाने मुलाला हाक मारू लागतात.